आतल्या आत

विमलाने डोक्यावरचा गवताचा भारा तिथंच टाकला. तिचा नवरा आत्माराम पानमळ्यात उकिडवा बसून, आपणच परवा लावलेलं वेलीचं बेणं उपटत होता. एकेक काडी वर काढायची, मुळं फुटलीत का बघायची आणि परत मातीत खुपसायची. अर्धी ओळ माना टाकून पडली होती.

"अवो, येड लागलं का तुमाला? पोर झोपलंय का बगायला त्याला उठवतं का कोन?"

"आतल्या आत कुजलं असंल तर?" त्याने पुढची काडी उपटली.

खरं तर यंदा काही वाईट नव्हतं. केळी लोंगरांनी वाकली होती, लेक विनिता सासरी सुखात होती. पण भातकापणीपासून या माणसाची एक चिंता सरली की दुसरी उभी. समुद्र जवळ, त्यात आसपासच्या वाड्यांतून टँकरवाले पाणी उपसत, म्हणून हा आपल्या विहिरीचं पाणी खारट झालं का, ते सारखं चाखून बघे. विनिताचा फोन आला की वाईट बातमीच असणार, असं धरून चाले. पाठ टेकली तरी झोप नाही, मान लाकडासारखी ताठ, ताटातलं ताटात. विमलाने मीठमोहऱ्याही उतरवून टाकल्या. फरक नाही.

आवाज ऐकून शेजारचा इग्नेशियस कुंपणापाशी आला. उपटलेली ओळ बघून तो हसला नाही.

"आत्माराम, माझ्या बायकोला, लुसीला असंच झालेलं. नवस केले, पवित्र पानी शिंपडलं, सगळं फुकट गेलं. शेवटी डॉक्टरीनबाईनं वळखलं. चल, रिक्षा आनतो."

"मी येडा नाय!"

"मग लुसी येडी हाय?"

आत्माराम उठला. हात धुवून विमलासोबत निघाला.

डॉक्टरीणबाईंनी झोप, भूक, छातीतली धडधड, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "काका, काळजी नव्हती असा दिवस कधी गेला शेवटचा?"

त्याने खूप आठवून बघितलं. डोळे भरले. "नाय आठवत, बाई."

"हा चिंतेचा आजार आहे. तुमचा दोष नाही. गोळ्या घ्या, माझ्याशी येऊन बोलत जा. वेळ लागेल, पण उतार पडतो."

पायऱ्या उतरताना तो थबकला. "विमले, गोळ्या लागू नाय पडल्या तर?"

ती काही बोलणार, तोच त्याने हात वर केला. "थांब. बाई बोलली ती चिंता हीच ना?"

"हीच."

"धडधडतंय तरी."

"धडधडू दे. चला."

आणि तो चालू लागला.