सहा भरले

चार दिवसांची सहल, सात माणसं, आणि गाडी चालवणार एकटी धाकटी. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, तिला कुणी विचारलं? कुणीही नाही. गाडी तिची, म्हणून चालवणार तीच, विषय संपला. बारा वर्षं ती त्या पिवळ्या व्हॅनमधून शाळेच्या मुलांची ने-आण करत होती. सुट्टी लागली आणि घरच्यांना एकदम साक्षात्कार झाला, की अरे, आपल्याकडे तर गाडी आहे!

आपल्याकडे म्हणे. व्हॅन घेतली तेव्हा हेच सगळे नाकं मुरडत होते.

बरं, सहल म्हणजे काय तर बघण्यासारखं काहीतरी बघायचं. पहिल्या दिवशी किल्ला होता. दाराशी सगळ्यांना उतरवलं की सासूबाई म्हणायच्या, "तू गाडी लावून ये गं, आम्ही होतो पुढे." गाडी लावायची जागा कुठे, तर पार तिकडे खाली, उन्हात, शेवटच्या टोकाला. तिथून धापा टाकत ती वर येईपर्यंत मंडळी परत निघालेली असायची. "काही विशेष नाही वर, नुसते दगड," जाऊबाई तिला रस्त्यातच सांगायच्या. दुसऱ्या दिवशी धबधबा. तिने त्याचा आवाज ऐकला, तेवढंच. संध्याकाळी लेणी. तिथे तर ती दाराशी पोचली आणि रखवालदाराने कुलूप लावलं. पुतणीच्या फोनमध्ये दोन दिवसांचे साडेतीनशे फोटो होते आणि धाकटी एकाही फोटोत नव्हती. एकात आरशातून तिचा अर्धा कान दिसत होता.

आणि वर आप्पांचं ते मोजणं!

आप्पा म्हणजे तिचे सासरे. चौतीस वर्षं बसचे कंडक्टर होते, रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांच्या अंगातून बस उतरलेली नव्हती. तिकिटं टोचायचा तो लोखंडी चिमटा त्यांनी सहलीलाही आणला होता. प्रत्येक ठिकाणाहून निघताना ते दारात उभे राहायचे, बोटाने एकेक डोकं मोजायचे, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "सहा भरले!" मग चिमटा दाराच्या दांडीवर दोनदा ठोकायचे. टण टण. डबल. म्हणजे निघा.

पहिल्याच दिवशी धाकटी हसत म्हणाली होती, "आप्पा, आपण सात आहोत."

"चालकाला मोजत नाहीत," आप्पा म्हणाले. "चालक असतोच. तो नसला तर गाडी हलेल का? डोकं चालव जरा."

सगळे खो खो हसले. तिचा नवराही हसला. ती पण हसली, तेव्हा तिला त्यात काही वाटलं नाही. पण पुढे दोन दिवस दर थांब्यावर "सहा भरले, सहा भरले" ऐकून ऐकून तिचं डोकं उठलं. ती रोज अठरा मुलं मोजायची. आकड्याने नाही, चेहऱ्याने. कोण आलं, कोणाला ताप आहे, कोणाचा बूट मागे राहिला, सगळं. आणि यांना घरची सात माणसं मोजता येत नव्हती.

तरी ती गप्प बसली. कारण तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिसऱ्या दिवशी होती. दीपगृह. तिच्या गाडीत, डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेवर, एका जुन्या कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं होतं. पांढरा उंच मनोरा, वरती गोल सज्जा आणि भोवती समुद्रच समुद्र. मुलं शाळेतून सुटेपर्यंत फाटकाबाहेर तासन्‌तास गाडीत बसावं लागायचं, तेव्हा बारा वर्षं ती त्या चित्राकडे बघत आली होती. निघायच्या आधी तिने नवऱ्याला बजावलं होतं, "बाकी काही नाही बघितलं तरी चालेल. पण दीपगृहाच्या वर मी जाणार. सज्ज्यात उभी राहणार, निवांत."

"अगं जा की, कोण अडवतंय?" तो म्हणाला होता.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ते दीपगृहाशी पोचले. "तू गाडी लावून ये." लावली. आली. एकशे शहाण्णव पायऱ्या होत्या, आणि साठाव्या पायरीवर वरून उतरणारी अख्खी वरात तिच्या समोर!

"काही नाही गं वर," जाऊबाई धापा टाकत म्हणाल्या. "नुसतं पाणी."

"मी जाऊन येते," धाकटी म्हणाली. "दहा मिनिटं."

"दहा म्हणजे दहाच हं," नवरा घड्याळ बघत म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती दात-ओठ खाऊन उभी राहिली.

तेवढ्यात मोठ्या दिरांना उदारपणाचा झटका आला. "किल्ली आण इकडे. इथून पुढे मी चालवतो. तू मागच्या सीटवर मस्त ताणून दे."

"भाऊजी, एक लक्षात ठेवा. डिझेलच्या काट्यावर जाऊ नका, तो अर्ध्यावर..."

"ए बाई, मला शिकवू नकोस. तू सायकल चालवत होतीस तेव्हापासून मी गाडी चालवतोय."

तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि तोंड मिटलं. घ्या, चालवा.

ती वर पोचली. सज्ज्याचं दार ढकललं, वाऱ्याने केस तोंडावर आले. ते बाजूला करून तिने कठड्यावर हात ठेवले, आणि समुद्राकडे बघणार, एवढ्यात खालून आवाज आला. कर्र! कुणीतरी क्लच पुरता न दाबता रिव्हर्स टाकला होता. तो आवाज बारा वर्षांत त्या गाडीने कधी काढला नव्हता. तिने खाली बघितलं. पिवळी व्हॅन मागे आली, वळली. दारात आप्पा उभे होते. एवढ्या उंचीवरून बोट काही दिसलं नाही, पण चिमटा तिने स्पष्ट ऐकला. टण टण.

"अहो! आप्पा! अहो, मी इथे आहे!"

वाऱ्याने तिचा आवाज उचलला आणि भलतीकडे नेऊन टाकला. दार लागलं. व्हॅन फाटकातून बाहेर पडली, किनाऱ्याच्या सरळ रस्त्याला लागली आणि बोटाएवढी झाली, मग नखाएवढी. तिथे उभी राहून ती बघत होती आणि तिला हिशोब लागला. रोज भाऊजी मधल्या सीटवर, म्हणून सहांत. आज ते चाकावर, पण आप्पांनी सवयीने त्यांचंही डोकं मोजलं तर सहाच भरणार! आप्पांचा आकडा जुळला होता. आकडा जुळला की कंडक्टर डबल देतो.

आणि नवरा? तो काय डोळे गहाण टाकून आला होता?

एकशे शहाण्णव पायऱ्या ती कशी उतरली, तिचं तिला ठाऊक. खालच्या खोलीत दीपगृहाच्या राखणदार बाई काचा पुसायची फडकी घडी करत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, समोर लांबलचक वही.

"पिवळी गाडी तुमची का?" बाईंनी विचारलं. "आत्ता गेली ती?"

"माझीच. माझीच आहे गाडी!" धाकटी ओरडली. "माझ्याच गाडीतून मला टाकून गेले!"

बाईंनी टेबलावरचा फोन तिच्याकडे सरकवला. तिचा स्वतःचा मोबाईल गाडीतच होता, रस्ता दाखवायला समोर अडकवलेला. नवऱ्याचा नंबर तिला पाठ होता. तिने सहा आकडे फिरवले आणि थांबली. तिने रिसीव्हर परत जागेवर ठेवला.

"काय झालं?"

"बघू तरी," ती म्हणाली. "केव्हा कळतंय त्यांना ते."

भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वीस. पाच मिनिटांत वळतील, तिला वाटलं. पहिल्या वळणावर नवरा मागे बघेल, म्हणेल, पाणी दे गं. अकरा तीस. सासूबाईंना गोळी घ्यायची असते साडेअकराला, ती गोळी कोण देतं? धाकटी देते. म्हणजे आता कळेल. अकरा पस्तीस. बाईंनी चहा दिला, तो तिने घेतला आणि कप हातातच गार झाला. अकरा चाळीसला तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा इतका संताप आला की ते तिथल्या तिथे आटलं. अरे, बारा वर्षांत परक्यांचं एक पोर मागे राहिलं नाही माझ्या हातून! एकदा एक मुलगी मैदानावर रेंगाळली, तर मी सतरा पोरांना घेऊन तासभर थांबले. आणि तुम्ही? सख्खी माणसं? ती मोठमोठ्याने बोलत होती आणि बाई मान हलवत काचा पुसत होत्या.

तेवढ्यात तिला काटा आठवला. डिझेलचा काटा. तो चार वर्षांपासून अर्ध्यावर अडकलेला होता. टाकी भरलेली असो नाहीतर कोरडी, काटा अर्ध्यावर. ती किलोमीटर तोंडपाठ ठेवून डिझेल भरायची, आणि आज दीपगृह बघून झालं की गावातल्या पंपावर जायचं होतं. तिने मनात आकडे मांडले. फार तर पंचवीस किलोमीटर. त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना खडक आणि झुडपं, बाकी काही नाही.

"हं," ती म्हणाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं.

बारा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकलं, आणि तिच्याकडे दिला. "तिकिटावरचा नंबर बघून केलाय म्हणे."

"अगं, कुठे आहेस तू?" नवऱ्याचा आवाज चढलेला होता. वर आणि हाच चिडतोय!

"जिथे सोडलंत तिथेच. तुम्हाला केव्हा कळलं?"

"ते जाऊ दे, आधी ऐक..."

"केव्हा कळलं?"

मग तो हळू आवाजात म्हणाला, "आत्ता. गाडी बंद पडली. दादा म्हणाला, धाकटीला उठवा, तिला कळेल काय झालंय ते. मागे बघितलं तर उशा होत्या. वर तुझी ओढणी होती, मला वाटलं तू झोपलीयेस."

गाडी बंद पडली म्हणून. पाणी हवं म्हणून नाही, गोळी हवी म्हणूनही नाही. गाडी बंद पडली नसती तर हे रात्रीच्या मुक्कामापर्यंत उशांना धाकटी समजून गेले असते.

"बरं, आता बोल," नवरा म्हणाला. "काटा तर अर्ध्यावर दिसतोय. दादाने सगळं करून बघितलं. काय करू?"

"आप्पांना द्या फोन."

"अगं, ऊन काय पडलंय इथे! आई..."

"आप्पांना द्या!"

आप्पा आले. त्यांनी आल्या आल्याच सुरुवात केली, "हे बघ, माझी चूक नाही. मी स्वतः मोजले. सहा भरले होते."

"बरोबर मोजलेत तुम्ही. तीन दिवस झाले, सहाच मोजताय. आता परत मोजा. मोठ्याने."

"काय पोरकटपणा आहे हा?"

"मग बसा उन्हात. मला घाई नाही. इथे चहा चांगला मिळतो."

पलीकडे कुजबुज झाली. भाऊजी काहीतरी ताडताड बोलले, जाऊबाईंनी त्यांना गप्प केलं. मग चौतीस वर्षं भरल्या बसमध्ये घुमलेला तो आवाज घसा खाकरून सुरू झाला. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा." थोडं थांबून, "आणि चालक."

"चालक भाऊजी आहेत, आप्पा. ते सहांत आले. परत मोजा. आकडे नकोत, माणसं मोजा."

मग आप्पांचा आवाज आला, अगदी खाली गेलेला, घुमणारा नव्हे. "तुझी सासू. मोठा. मोठी. नात. धाकटा. मी." ते थांबले. "आणि तू. आमची धाकटी. सात."

तिचा राग तेवढ्याने जाणार नव्हता, आणि तो घालवायची तिची इच्छाही नव्हती.

"मागच्या सीटखाली निळा कॅन आहे," ती म्हणाली. "जिथे मी झोपले होते ना, त्याच सीटखाली. दहा लिटर डिझेल आहे, सगळं ओता. मग आतली हवा काढायला बॉनेट उघडून फिल्टरवरचं काळं बटण कडक होईस्तोवर दाबायला सांगा भाऊजींना. त्यांना येतं सगळं. आणि गाडी वळवून इकडे या."

"येतो. लगेच येतो. तू फाटकाशी उभी राहा, म्हणजे..."

"फाटकाशी नाही. गाडी लावा, तिथे, शेवटच्या टोकाला. आणि वर बोलवायला या मला. सगळे. एकशे शहाण्णव पायऱ्या आहेत."

तिने फोन ठेवला. राखणदार बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत होत्या.

"परत वर?" त्यांनी विचारलं. "आत्ता तर जाऊन आलात."

"मघाशी समुद्र राहिला बघायचा," धाकटी म्हणाली. "मी गाडीकडेच बघत होते."