आबांचं घमेलं आणि पिठाचा बर्फ

मित्रांनो, गवंडीकाम करणाऱ्या आबांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी मी त्यांच्या घरी आलो. मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. एका कारागिरानं पत्रा ठोकून मला खोलगट केलं आणि कुणाचा हात कापू नये म्हणून माझी कड वळवली. पुढची वीस वर्षं मी सिमेंट-वाळूचा माल वाहिला. बायामाणसांच्या डोक्यावर बसून तीन-तीन मजले चढलो. भिंत उभी राहिली की लोक भिंतीचं कौतुक करतात, घमेल्याला कोण विचारतो? आबा मात्र रोज संध्याकाळी मला धुऊन पालथं घालायचे.

मग आबांचे गुडघे धरले. काम सुटलं आणि मी जिन्याखाली पडलो. माझ्यात फाटकी पायताणं जमा झाली. अंगाला गंज चढू लागला.

आबांची नात चार वर्षांची होती. तिला सगळे चिमणी म्हणत. बोलायला ती चुरचुरीत होती, पण हाताला काही लागलेलं तिला खपत नसे. रंग, माती, डिंक, काहीही समोर आलं की मुठी वळून काखेत. बालवर्गाच्या बाईंनी तिच्या आईला बोलावून सांगितलं, की हात असेच राहिले तर तिला आणखी एक वर्ष याच वर्गात बसवावं लागेल. झालं! घरादाराचे डोळे तिच्या हातांवर. लाव ना हात, लाव ना, म्हणून सगळे मागे लागले. मुठी आणखी घट्ट झाल्या.

त्या हिवाळ्यात गारठा एवढा पडला, की मुलांना अंगणात सोडता येईना. बाईंनी वर्गातच हिवाळा मांडायचं ठरवलं. मुलांनी कागदाच्या चांदण्या कातरल्या, कापसाच्या मेंढ्या चिकटवल्या. आता खेळायला बर्फ हवा होता आणि तो ठेवायला मोठं भांडं. आबांना माझी आठवण झाली. त्यांनी मला घासून लख्ख केलं, आतून स्वच्छ कापडानं पुसलं आणि खांद्यावर घेऊन लंगडत वर्गात आणलं.

बाईंनी मैदा आणि थोडं तेल दिलं. नुसतं कालवायचं, म्हणजे बर्फासारखा भुसभुशीत होतो. पण आबांचे हात सवयीचे. त्यांनी मैद्याचा ढीग केला, मध्ये आळं केलं आणि तांब्याभर पाणी ओतलं.

"आबा, मी बर्फ सांगितला होता," बाई म्हणाल्या. "हे तर प्लास्टर झालं."

"जन्मभर हेच केलंय, बाई. हात आता कुणाचं ऐकतात?"

मुलं हसून लोळली आणि कोपरापर्यंत माझ्यात शिरली. चिमणी तेवढी भिंतीला टेकून, मुठी काखेत.

आबा ओशाळले, पण गवंडी माल वाया घालवत नाही. त्यांनी लाकडी ठोकळे मागून घेतले आणि मेंढ्यांसाठी बर्फाचं घर बांधायला बसले. एक थर झाला, दुसरा झाला. कामात गढले आणि पूर्वीसारखा त्यांनी डावा हात मागे केला.

"माल दे," ते म्हणाले. मागे वळून बघितलंही नाही.

बाकीची मुलं एकमेकांच्या नाकाला मैदा लावण्यात गुंग होती. हात तसाच मागे राहिला.

"अरे, माल सुकतोय."

तेव्हा माझ्या कडेला दोन छोटी, गार बोटं लागली. ती थांबली. मग ओंजळ आत बुडाली आणि भरून वर आली. आबांनी माल घेतला, थापला आणि पुन्हा हात मागे केला. चिमणीनं पुन्हा दिला. घराला छप्पर पडेपर्यंत देत राहिली.

बाईंनी नंतर आबांना हळूच विचारलं, की हे त्यांनी मुद्दाम केलं का.

"मी भिंतीकडे बघत होतो," आबा म्हणाले.

मित्रांनो, मी आता बालवर्गातच असतो. दर हिवाळ्यात माझ्यात बर्फ भरतात. खेळ झाला की मला धुवा, कोरडं करा, पालथं ठेवा. आणि एखादं मूल मुठी वळून उभं असेल, तर त्याच्या हातांकडे टक लावून बघू नका. त्याला काम सांगा आणि आपण आपलं काम करा.

चिमणी आपल्या वयाच्या मुलांबरोबरच वरच्या वर्गात गेली. त्याच वर्षी, थंडी सरता सरता, आबा वारले.