बिनपाटीचं झाड

बागेत सगळे त्याला ठोक्या म्हणत. झाडांच्या बुंध्यांवर लाकडी हातोडीने ठोकायचं आणि कान लावून ऐकायचं, याच कामाचा त्याला पगार मिळे. भरीव लाकूड ‘टक्’ म्हणतं, पोखरलेलं ‘धब्’. आधीच्या एकवीस वर्षांत ऐकले नव्हते तेवढे ‘धब्’ त्याने गेल्या तीन उन्हाळ्यांत ऐकले. शंभर वर्षांपूर्वी थंड मुलखातून आणलेली झाडं उभ्या उभ्या आतून वाळत होती आणि बाहेरून शहाण्यासारखी हिरवीगार दिसत होती.

मंगळवारी तिकीट खिडकीवरचं झाड फुललं. दोन महिने आधी, आणि पान दिसू नये इतकं. बागप्रमुख साहेब हरखले. फाटकावर फलक लागला, रांग दुप्पट झाली. खिडकीच्या आत बसत असे ठोक्याची बायको.

ठोक्याने हातोडी मारली. धब्. वीतभर वर मारली. धब्. मरायला टेकलेलं झाड असंच जीव खाऊन फुलतं, हे त्याने चारदा पाहिलं होतं.

त्याने साहेबांना गाठून सांगितलं. साहेबांनी रजिस्टर उघडलं. पालवी, फुलोरा, फळ, पानझड. भीतीला रकाना नव्हता. या झाडाच्या तपासणीची पाळीही चार महिन्यांनी होती. “एवढं फुललंय, आणि तुम्हाला मेलेलं दिसतंय?” साहेब म्हणाले.

बायकोला ऊठ म्हटलं, तर ती गालात हसली. “तुमचं आपलं काहीतरीच. काल झोपेत माझ्या पाठीवर ठोकत होतात.”

वर काहीतरी कर्रकन वाजलं. वाऱ्याचा पत्ता नव्हता.

मग त्याला नियम आठवला. मागे एका बड्या पाहुण्याने बिनपाटीच्या झाडाचं नाव विचारलं होतं आणि कुणालाच सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून, नावाची पाटी नसलेल्या झाडाजवळ माणूस फिरकू द्यायचा नाही.

त्याने पेचकस काढला. घाईत एक स्क्रू गवतात पडला. पाटी सदऱ्याच्या आत सरकवून तो बोंबलत गेला, “साहेब, पाटी गायब.”

साहेब धावतच आले. प्रकरण आता गंभीर होतं. दहा मिनिटांत दोरी लागली, रांग हटली, खिडकी बंद झाली. बायको तिकिटांचं पुडकं काखेत मारून कुरकुरत बाहेर आली.

तीन वाजता, पान हलत नसताना, मोठी फांदी खाली आली. खिडकीचं छप्पर थेट तिच्या स्टुलावर बसलं.

साहेबांनी बुंध्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, “पाटी सापडली का?”

दुसऱ्या दिवशी खिडकी शेजारच्या झाडाखाली हलली. बायको बाहेरच उभी होती. “अहो, आधी ठोका. मग बसते.”

त्याने ठोकलं. कान लावला. मग खिशातून पेचकस काढला.