दोष आढळला नाही

“हिरवा आहे,” मुंगूस म्हणाला.

“तुम्ही आलात की हिरवाच असतो मेला,” पलंगावरून सासूबाई म्हणाल्या. “पाहुण्यांसमोर कार्टं शहाणं आणि पाहुण्यांची पाठ वळली की घर डोक्यावर!”

इंटरनेटच्या डब्यावरचा तो दिवा हिरवागार होता. मुंगूस तिसऱ्यांदा या घरात आला होता आणि तिसऱ्यांदा दिवा त्याच्याकडे बघून हसत होता. घड्याळात सव्वादहा झाले होते. अकराला चौकशी होती.

मुंगूस हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बावीस वर्षं हा गृहस्थ घराघरांतून वायरी ओढत होता, आणि जिथे शिरायला उंदीर कचरतो तिथे हा शिरायचा. एकदा म्हणे वायर घेऊन भिंतीच्या पोकळीत घुसला तो थेट वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरात निघाला, आणि आत आंघोळ करणाऱ्या गृहस्थांना “चालू द्या” म्हणून पुढे गेला. गोष्ट खरी नसेलही. पण ते गृहस्थ अजून आतून दोन कड्या लावतात.

आज मात्र मुंगसाला घाम फुटला होता.

घरातली सून इस्पितळात एकतीस वर्षं परिचारिका. सारी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, सासूबाईसुद्धा. तीन महिन्यांपूर्वी दुपारच्या पाळीत एका रोग्याला औषधाची दुप्पट मात्रा टोचली गेली. रोगी दोन दिवस बेशुद्ध पडला, मग आपल्या पायांनी घरी गेला. पण टोचणारा हात सिस्टरचा होता, आणि मात्रा तोंडी सांगणारे तरुण डॉक्टर आता “मी असं म्हणालोच नाही” म्हणत होते. सिस्टर निलंबित झाली. तिने इस्पितळाच्या फाटकात पाऊल टाकायचं नाही, म्हणून चौकशी घरच्या संगणकावर.

दोन तारखा झाल्या होत्या. दोन्ही वेळा लेखनिकाने नाव, हुद्दा, पत्ता विचारला, तोवर सगळं सुरळीत. मग समितीचे अध्यक्ष, इस्पितळाचे मोठे डॉक्टर, बोलू लागले की पडद्यावरची तोंडं गोठायची, आणि जोडणी परत येईपर्यंत समिती उठून गेलेली असायची. समितीचं ते पान मोबाईलवर उघडत नव्हतं. शेवटी समितीने कंपनीला पत्र धाडलं, आणि कंपनीने मुंगसाच्या दोन चिठ्ठ्यांची नक्कल पाठवून दिली. ‘लाइन तपासली. दोष आढळला नाही.’ खाली मुंगसाची झोकदार सही.

त्यावरून समितीच्या कागदात वाक्य चढलं होतं : ‘प्रश्न विचारताच परिचारिका संपर्क तोडते.’ आज शेवटची संधी. आज संपर्क तुटला तर जे समजायचं ते समजलं जाणार होतं.

सिस्टरने तो कागद मुंगसाला दाखवला होता, आणि एक शब्दही बोलली नव्हती. ती बोलली असती तर बरं झालं असतं. सासूबाईंनी ती कसर भरून काढली.

“सही बाकी सुरेख हो तुमची. शाळेत शिकवली की घरी?”

“आजी, काम करू द्या ना.”

“मी कुठे तुमचा हात धरलाय?”

मुंगसाने डबा बदलला. टोकाची जोडणी कापून नवी बसवली. तिपाई ओढून संगणकासमोर बसला, चार पानं उघडली, चार मिटली. हिरवा. पावणेअकरा झाले.

“सिस्टर,” तो तिपाईवरून उठत म्हणाला, “मागच्या वेळी जसं केलंत, तस्संच करून दाखवा.”

सिस्टर चाकांच्या खुर्चीत बसली. घरात असूनही पायांत ड्युटीचे पांढरे बूट होते, नाडी घट्ट बांधलेली. “अशीच बसले होते.”

“मग?”

“मग सरांनी विचारलं.”

“मग?”

“मग गेलं.”

पलंगावर सासूबाईंना राहवलं नाही. त्यांनी हनुवटी गळ्यात रुतवली आणि पोटातून घोगरा आवाज काढला, “सिस्टर!”

सिस्टर ताडकन उभी राहिली. खुर्ची मागे गडगडत गेली. दिवा लाल झाला.

“मी काही नाही केलं हो!” सासूबाई घाबरून म्हणाल्या, आपल्या खऱ्या आवाजात.

मुंगूस दिव्याकडे बघत होता. मग त्याने सिस्टरकडे बघितलं. “उठलात कशाला?”

“कुठे उठले?”

“सिस्टर, तुम्ही उभ्या आहात.”

सिस्टरने खाली स्वतःच्या बुटांकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसं. “सर बोलायला लागले की... बसून कसं ऐकायचं?”

“अहो, फोनवर त्यांचा आवाज आला तरी उभी राहते,” सासूबाई म्हणाल्या. “एकशे तीन ताप होता तेव्हा या पलंगावर उभी राहिली. पंखा बंद होता म्हणून डोकं शाबूत!”

मुंगसाने खुर्ची ढकलली आणि सतरंजी उचलली. खाली वायर होती. मागच्या चाकाने ती त्या एकाच जागी चेपून चेपून कागदासारखी केली होती, आणि आज चाक हटलं तरी दिवा लालच राहिला. दोन्ही खेपांना त्याने स्वतःच ही खुर्ची पायाने बाजूला सारली होती, आणि तिपाईवर बसून लाइन तपासली होती. जिथे उंदीर जात नाही तिथे शिरणाऱ्या माणसाने सतरंजी काही उचलली नव्हती.

नवी वायर भिंतीकडेने न्यायची तर अर्धा तास हवा होता. अकराला सहा मिनिटं उरली होती. मुंगसाने चिकटपट्टी गुंडाळली. लाल. वर ठोकळा ठेवला. लाल. चेपलेली जागा दोन बोटांत धरून किंचित पीळ दिला, आणि दिवा हिरवा झाला. बोटं सैल झाली की पुन्हा लाल.

“मी धरतो,” तो टेबलाखाली पालथा पडत म्हणाला. “तुम्ही फक्त उठायचं नाही. खुर्ची बोटांवरून गेली तरी हरकत नाही, पण वायर सुटेल.”

“खोलीत दुसरं कोणी असायला परवानगी नाही.”

“मी त्यांना दिसतोय कुठे?”

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि दाराआड कान लावून उभ्या राहिल्या. अकरा वाजले.

मुंगसाला आता जगातली दोनच माणसं दिसत होती : सिस्टरचा उजवा बूट आणि सिस्टरचा डावा बूट. वरून लेखनिकाचा आवाज आला. नाव, हुद्दा, पत्ता.

“खोलीत आणखी कोणी आहे?”

बूट स्तब्ध झाले. मुंगसाने श्वास रोखला. ‘नाही म्हणा,’ तो मनात म्हणत होता, ‘अहो, नाही म्हणा!’

“आहे,” सिस्टर म्हणाली. “वायरवाले आहेत. टेबलाखाली.”

पलीकडे कुणीतरी हसू दाबलं. मग तो आवाज आला. सासूबाईंनी त्याची नक्कल केली होती ती अगदीच फिकी होती.

“हा काय प्रकार आहे, सिस्टर?”

दोन्ही टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. खुर्चीचं मागचं चाक बोटभर सरकलं आणि मुंगसाच्या करंगळीवर चढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्याने वायर सोडली नाही.

“बसा!” तो टेबलाखालून ओरडला.

“कोण बोललं? त्या माणसाला समोर आणा.”

“येता येत नाही साहेब,” मुंगूस म्हणाला. “मी आलो की तुम्ही जाल.”

सिस्टरने वरचा कॅमेरा काढला आणि खाली धरला. मुंगसाला समोर काचेचा एक काळा डोळा दिसला. बावीस वर्षांत तो असा कुणासमोर बोलला नव्हता. गालाला सतरंजीची धूळ, करंगळीवर चाक. दोन चिठ्ठ्या चुकीच्या होत्या असं आता कबूल केलं, तर कंपनी तिसरी चिठ्ठी त्यालाच देणार होती, घरी बसण्याची.

“साहेब, लाइनीत दोष नाही असं दोनदा मीच लिहून दिलं. नीट बघितलं नव्हतं. दोष आहे. आत्ता माझ्या हातात आहे. या बाईंनी कधी काही तोडलेलं नाही.”

पलीकडून एका बाईंचा आवाज आला, समितीतल्याच कुणी असाव्यात. “लिहून घ्या हे.” आणि पलीकडे पेन चालल्याचा खरखराट.

कॅमेरा वर गेला. पुन्हा दोन बूट.

“सिस्टर,” मोठे डॉक्टर सावकाश म्हणाले, “मात्रा तुम्हाला कोणी सांगितली?”

टाचा उचलल्या गेल्या. मुंगसाने बूट धरायला मोकळा हात पुढे केला, पण त्याआधीच एका बुटाने दुसऱ्या बुटाला अढी घातली. दोन्ही पाय खुर्चीच्या दांड्यामागे गेले आणि तिथे अडकून राहिले, एखादं जनावर दाव्याला बांधावं तसे.

“तुमच्या तरुण डॉक्टरांनी,” सिस्टर म्हणाली. आवाज आधी बारीक होता. “मी विचारलं, एवढी? ते म्हणाले, एवढीच. मी पुन्हा विचारलं, सर, नक्की? ते म्हणाले, तुम्ही डॉक्टर आहात का? ते उभे होते. मीही उभी होते. मग मी टोचलं.”

पलीकडे पेन पुन्हा खरखरू लागलं.

“तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “ती चूक माझी. मात्रा त्यांची.”

“निर्णय कळवू,” मोठे डॉक्टर म्हणाले. पडदा काळा झाला.

मुंगसाची बोटं उघडेनात. ती त्याने दुसऱ्या हाताने एकेक करून सोडवली. दिवा लाल झाला. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या, आणि नवल म्हणजे गप्प होत्या.

“झालं, सिस्टर,” टेबलाखालून रांगत बाहेर येत तो म्हणाला. “आता उठलात तरी चालेल. मी नवी वायर ओढतो.”

सिस्टरने त्याची सुजलेली करंगळी हातात घेतली, वळवून पाहिली, मोडली नाही याची खात्री केली. पाय अजून दांड्यामागेच होते.

“ओढा सावकाश,” ती म्हणाली. “मी जरा बसते.”