निळा सरकलेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, आणि लपवाछपवी नको म्हणून आधीच सांगून टाकतो, मी चुकलेला नकाशा आहे. माझ्या अंगावर एक वाळवंट आहे. त्यात काळ्या रेघेचा रस्ता, तपकिरी रेघांच्या टेकड्या, विहिरींचे ठिपके आणि एक मोठं निळं सरोवर. बाकी सगळं जिथल्या तिथे आहे. सरोवर तेवढं अर्धं बोट पूर्वेला सरकलंय.

त्याचं असं झालं, की नकाशाचे रंग एकदम चढत नाहीत. आधी काळा, मग तपकिरी, मग निळा. दर वेळी कागद नेमक्या जागी बसावा लागतो. निळ्याच्या फेरीला आमचा कागद जरासा घसरला, आणि मशीनवाल्याच्या लक्षात येईपर्यंत आम्ही अकराजण बिघडून बाहेर पडलो होतो. दहाजणांची रवानगी गठ्ठे बांधायला झाली. मला मात्र त्या मशीनवाल्याने उजेडात धरलं आणि बराच वेळ बघत राहिला. मग फोरमनला विचारून त्याने माझ्या चार घड्या घातल्या आणि मला डब्याच्या पिशवीत टाकलं. माझे न चुकलेले भाऊ मोठ्या कचेऱ्यांच्या भिंतींवर चौकटीत जाऊन बसले. मी दोन खोल्यांच्या घरात आलो. माझं नशीब फळफळलं, असं मी आजही मानतो.

"अगं, बघ काय आणलंय," मशीनवाला दारातूनच बायकोला म्हणाला.

"रद्दी?"

"सरोवर आणलंय. या थंडीच्या सुट्टीत जायचं आपण. चौघांनी."

चौघं म्हणजे तो, त्याची बायको, सात वर्षांची मुलगी आणि नुकता चालायला लागलेला मुलगा. घरात मुलीला सगळे ताई म्हणायचे आणि मुलाला धाकटा. त्यांची आई शिंप्याच्या दुकानासाठी शर्टांची काजं करायची. खिडकीखालच्या टेबलावर दिवसभर सुई, दोरा आणि ती. तिने सुई बाजूला ठेवली, माझ्यावर वाकली आणि त्या निळ्यावरून हळूच बोट फिरवलं. मित्रांनो, नकाशावरून पुष्कळ बोटं फिरतात, पण बहुतेकांची घाईत असतात. त्या बोटाला कसलीच घाई नव्हती.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी मला जमिनीवर पसरायचे. एका कोपऱ्यावर इस्त्री, दुसऱ्यावर साखरेचा डबा, तिसऱ्यावर बटणांची पेटी आणि चौथ्यावर धाकट्याचा गुडघा. मग बेत सुरू. पाण्याचे डबे किती, पांघरुणं किती, कुठल्या बसने निघायचं, शेवटच्या गावात जीप मिळेल का. धाकटा जरा मोठा झाल्यावर दर रविवारी एकच प्रश्न विचारायचा, "सरोवरात मगर असेल का?" बाबा म्हणायचे, "असली तर तिला तुझा अभ्यास घ्यायला सांगू." आणि सगळे हसायचे, जणू पहिल्यांदाच ऐकतायत.

माझं वाचन कसं करायचं हे बाबांनी घरातल्यांना नीट शिकवलं होतं. "निळं दिसतं तिथे नाहीये. मनातल्या मनात अर्धं बोट डावीकडे सरकवायचं. एक बोट म्हणजे सहा किलोमीटर." ताईने हे इतकं मनावर घेतलं की एका दुपारी, बाबांना चकित करायचं म्हणून, तिने पेन्सिलीने सरोवराचा खरा काठ बरोब्बर अर्धं बोट डावीकडे आखून ठेवला. सुरेख रेघ होती हो ती, कुठे थरथर नाही. पण त्याच संध्याकाळी तिचा पुढचा दात पडला. घरभर दाताचंच कौतुक झालं आणि रेघ सांगायची राहून गेली ती राहूनच गेली.

सुट्टीचंही तसंच होत राहिलं. थंडी आली की छापखान्यात कॅलेंडरांची आणि डायऱ्यांची झुंबड उडायची. लोकांच्या वर्षभराच्या सुट्ट्या बाबा लाल शाईत छापायचे आणि त्यांच्या स्वतःच्या सुट्टीवर साहेब काट मारायचे. "पुढच्या वर्षी नक्की," ते माझी घडी घालत म्हणायचे. असं सात वर्षं चाललं. मी टेबलाशेजारच्या फळीवर, निळी बाजू वर, पडून असायचो. खिडकीतलं ऊन थेट माझ्यावर यायचं, त्याने निळा रंग विटत गेला. आता सरोवर कुठे संपतं हे कळायला ताईची रेघच तेवढी उरली. घड्यांवर मी झिजलो, आणि त्यातली एक घडी नेमकी सरोवराच्या पश्चिमेच्या टेकडीवरून जात होती. तिच्या तपकिरी रेघा कधीच पुसल्या गेल्या.

त्याच वर्षांत आई धडपडायला लागली. सुईत दोरा ती एका झटक्यात ओवायची, पण पायाशी ठेवलेली बादली तिला दिसायची नाही. अर्ध्या उघड्या दारावर कपाळ आपटायचं. दिवसाकाठी एखादं भांडं पडायचंच. आधी घरात तिची थट्टा व्हायची. धाकटा तर "आई आली, बाजूला व्हा!" असं ओरडत पलंगावर चढायचा, आणि सगळ्यांत जास्त हसायची ती आईच. मग एकदा ती जिन्याच्या कडेवरून घसरली. त्या दिवसापासून कोणी हसलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत एक लहान आणि त्याच्याही आत एक अगदी लहान. तो कागद घरी आला तेव्हा माझ्या शेजारीच ठेवला होता. आईची नजर कडेकडून मिटत आली होती. मधलं स्वच्छ दिसायचं, पण नळीतून बघावं तेवढंच. आणि ते मधलंही एक दिवस जाणार होतं. "कधी, ते सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण जे बघायचं असेल ते या वर्षी बघून घ्या."

बाबांनी त्याच संध्याकाळी मला पसरलं.

"अहो, राहू दे. कॅलेंडरांचे दिवस आहेत," आई म्हणाली. "सरोवर कुठे पळून जातंय?"

"सरोवर नाही पळत," बाबा म्हणाले आणि त्यांनी माझ्या कोपऱ्यावर इस्त्री ठेवली.

साहेबांपुढे कधी मान वर न करणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्या दिवशी चार दिवसांची सुट्टी मागितली. साहेब नाही म्हणाले. बाबा तिथेच उभे राहिले. साहेब पुन्हा नाही म्हणाले. बाबा तरीही हलले नाहीत. शेवटी त्यांचा पाळीतला जोडीदार पुढे झाला आणि म्हणाला, "याच्या पाळ्या मी काढतो, पण याला जाऊ द्या साहेब, नाहीतर हा इथेच उभा राहून मूळ धरेल." चार दिवस मिळाले.

निघायच्या आदल्या दुपारी शेवटचा बेत झाला. रस्ता पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेचा काठ गाठायचं ठरलं. विश्रामगृह होतं त्या बाजूला गर्दी असते, गर्दीत आई अडखळते, म्हणून वेगळी, शांत जागा निवडायची. बाबांनी चष्मा लावला. पेन्सिलीची रेघ बघितली. ताईने विटलेल्या निळ्याचाच काठ गिरवला असणार असं त्यांनी गृहीत धरलं, आणि छपाईतला जाणता माणूस म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने ती रेघ आणखी अर्धं बोट डावीकडे सरकवली. तिथे फुली मारली. ताई त्या वेळी पांघरुणं बांधत होती. एक तिच्याखेरीज ही गफलत कोणाच्या लक्षात आली असती तर ती माझ्याच, पण नकाशाला तोंड कुठे असतं? टेकडीच्या रेघा असत्या तर त्या तरी बोलल्या असत्या. त्या माझ्याच घडीत झिजून गेल्या होत्या. या चुकीतला माझा वाटा मी नाकारत नाही.

शेवटच्या गावातला जीपवाला फुली बघून डोकं खाजवू लागला. "तिथं कशाला जाताय? लोक तर विश्रामगृहाकडं जातात."

"आम्हाला शांत काठ हवाय," बाबा म्हणाले.

"शांत तर आहे बुवा," जीपवाला म्हणाला. त्याने सकाळी दहाला चौघांना फुलीवर उतरवलं, संध्याकाळी पाचला न्यायला येतो म्हणून सांगितलं आणि धूळ उडवत निघून गेला.

धूळ बसली. चहूकडे नुसती वाळू आणि दगड. पाण्याचा थेंब नाही. समोर एक लांबलचक टेकडी आणि तिच्या पायथ्याशी एक वाळकं झुडूप.

"बाबा, सरोवर कुठंय?" धाकट्याने विचारलं. मगरीचं नावही काढलं नाही.

बाबांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. ताईने त्यांच्या कोपराखालून डोकं घातलं, तिच्या रेघेकडे पाहिलं, फुलीकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. "बाबा, रेघ मी आधीच सरकवली होती. लहानपणी. सांगायचं राहिलं."

बाबा मटकन खाली बसले. "आयुष्यभर कागद जागेवर बसवत आलो," ते म्हणाले, "आणि हिच्या एका दिवसाचं नेमकं वाटोळं केलं."

आईने पदर खोचला. "वाटोळं काय? पाणी टेकडीपलीकडे आहे ना? मग चढू की."

"तुला दगड दिसणार नाहीत."

"तुम्ही सांगा. तेवढं तर याल ना कामाला?"

मग ते चढले. ताई पुढे, धाकटा तिच्या मागे, आणि बाबा आईचा हात धरून. "डावा पाय. आता उजवा. मोठा दगड आहे, थांब." माझी सुरळी त्यांनी काखेत मारली होती. दीड तासाची ती चढण, दर चार पावलांना थांबून. आईच्या चपलेचा अंगठा तुटला, तो ताईने आपल्या वेणीच्या फितीने बांधला. पाणी प्यायला तीनदा बसले. भरदुपारी ते माथ्यावर पोचले.

खाली सरोवर होतं. मित्रांनो, मी आयुष्यभर ज्याचं चित्र अंगावर वागवलं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि माझ्या निळ्याची मला लाज वाटली. काठाने मिठाची पांढरी किनार, शर्टाच्या बाहीला पट्टी लावावी तशी. मध्ये निळं, इतकं शांत की त्यात पडलेले ढगही हलत नव्हते.

सगळे आईकडे बघत होते. तिने डोकं वळवलं नाही, मान हलवली नाही. विश्रामगृहाच्या काठावर उभी राहिली असती तर तिच्या नजरेच्या त्या नळीत एका वेळी परातभर पाणी मावलं असतं. एवढ्या लांबून, एवढ्या उंचीवरून, अख्खं सरोवर त्यात बसलं होतं.

"सगळं दिसतंय," ती म्हणाली. "अहो, सगळं. कडेसकट."

या गोष्टीला आता फार वर्षं झाली. धाकट्यालाही मुलं आहेत. आईची नजर पुरती जाऊन बारा वर्षं झाली, आणि बाबांनी मशीन सोडून त्याहून जास्त. नातवंडं सुट्टीला आली की मला बाहेर काढतात. मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. तुमच्या घरात एखादा बेत असाच घडी घालून ठेवलेला असेल, तर त्याला पुढच्या वर्षावर ढकलू नका. कागद घडीवरच आधी झिजतो आणि रंग नुसतं पडून राहूनच विटतो. तारीख ठरवा आणि निघा. चुकलात तर चुकलात.

परवाच नातवंडांनी आजीला गराडा घातला. आजी सांगत होती, पांढरी किनार कशी, निळा कसा, पाणी कसं पार आभाळाला टेकलेलं.

"एवढं मोठं नव्हतं हं," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "ही दर वर्षी त्याला थोडं थोडं वाढवते."

"तुम्हाला काय ठाऊक?" आजी म्हणाली. "मी बघितलंय ते. तुम्ही कुठे बघितलंत? तुम्ही सगळा वेळ माझ्याकडेच बघत होतात."

"तुला कडेचं दिसत नव्हतं," आजोबा म्हणाले.

"दिसत नव्हतं," आजी म्हणाली, "पण कळत होतं."