तंगुसाला बांधलेलं बेट

देवू तांडेल टेबलाखाली उकिडवा बसला होता आणि एका अख्ख्या देशाचं बुडणं त्याच्या हातात होतं. हातात म्हणजे खरोखरच हातात. टेबलावर काचेची मोठी पेटी, पेटीत पाणी, पाण्यावर थर्माकोलचं हिरवं रंगवलेलं तुवालू बेट आणि त्या बेटाच्या पोटाला बांधलेला तंगूस. गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा, डोळ्यांना न दिसणारा. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या कडीतून ओवून तो काठावरून मागे सोडला होता. त्याचं टोक देवूच्या बोटाला होतं. वरून निवेदन करणाऱ्या तेजल मॅडम पाणी ओतणार, खालून देवू ओढणार आणि बोईसरच्या एसी हॉलमध्ये बसलेली शे-दीडशे माणसं हळहळणार.

ही वेळ आली ती आदल्या दिवशी. सागरसखा क्लबचे अध्यक्ष जितेशसाहेब तुवालूवरच्या कार्यक्रमाची रंगीत तालीम घेत होते. देवू तेव्हाच म्हणाला होता, "साहेब, थर्माकोलचे आमी जाळ्याला तरंगते बोये लावतो. ते बुडायचं नाय."

"देवूभाऊ, तुम्ही जहाजावर तेलपाणी बघायचात ना? मग हे आमच्यावर सोडा. डिझायनरने केलंय."

साहेबांनी पाणी ओतलं. पाणी चढलं तसा देशही चढला आणि शेवटी बदकासारखा काठाशी येऊन डुलू लागला. ज्याने जन्मात समुद्राला पाठ दाखवून फक्त सेल्फी काढली, त्याला पाण्यावर काय तरंगतं हे कोण शिकवणार? साहेब मिनिटभर बेटाकडे रागाने बघत राहिले, जणू बेटानेच दगा दिला होता. मग त्यांनीच दोरीची युक्ती काढली आणि दोरी ओढायला देवूला बसवलं. बदल्यात शब्द दिला: सोमवारच्या अमावास्येच्या उधाणाआधी आपल्या खाणीतले बारा डंपर दगड देवूच्या बहिणीच्या घरामागे टाकतो.

बहीण मंजुळा. मुरबे गावाच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका पाड्यात तिचं घर. मागच्या वर्षीच्या उधाणात घराची मोरी गेली, बोंबील वाळवायच्या वलांडीचे बांबू गेले. आता समुद्र आणि चूल यांच्यामध्ये एक भिंत उरली होती. दगड पडले तर ती टिकणार, नाही पडले तर नाही. म्हणून जन्मात कुणापुढे न वाकलेला देवू टेबलाखाली वाकला होता.

वर तेजल मॅडमनी माईक घेतला.

"तुवालू! निळ्या प्रशांत महासागराच्या कुशीतलं एक निरागस स्वप्न. इथे घाई नाही, स्पर्धा नाही, चिंता नाही. भूक लागली की मासा पकडायचा, दुपारी नारळाखाली झोपायचं, संध्याकाळी फुलं माळून नाचायचं..."

देवूला खाली बसल्या बसल्या हसू फुटलं. भूक लागली की मासा पकडायचा! मासा काय साहेबांच्या फ्रीजमध्ये पडून असतो? सात वर्षांपूर्वी त्याच्या जहाजाचं इंजिन बसलं तेव्हा सुट्या भागांची वाट बघत साडेतीन महिने तो त्या देशात अडकला होता. सेलिना नावाच्या बाईच्या पडवीत जेवला होता. तिचा नवरा त्याच्यासारखाच दुसऱ्यांच्या जहाजांवर. ती पहाटे उठून खड्ड्यात उतरायची. तिथे माती नाहीच, सगळं पोवळ्याचं. म्हणून माणूसभर खोल खड्डे खणून, पालापाचोळा टोपल्यांनी टाकून त्यात अळूसारखा कंद पिकवतात. तिच्या आजीने भरलेला खड्डा तिच्या डोळ्यांदेखत खारा झाला, तर बाई दुसरा खणायला लागली. दुपारी नारळाखाली झोपलेली त्याने तिला एकदाही पाहिली नाही.

तेजल मॅडमचा आवाज भरून आला. "...आणि हे भाबडे लोक आज काहीही न करता, हसत हसत बुडत आहेत." त्यांनी तांब्या कलंडला. पाणी पडू लागलं.

साहेबांनी टेबलाला पाय लावून खूण केली. ओढ.

देवूने ओढलं. बेट अर्धं खाली गेलं. पुढच्या रांगेतून कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. देवूच्या डोळ्यापुढे मंजुळेची भिंत उभी राहिली, बारा डंपर उभे राहिले. पण कानात मात्र तेच घोळत होतं. काहीही न करता.

त्याने बोट सैल सोडलं.

बेट बुचासारखं उडालं आणि मॅडमच्या साडीवर पाणी सांडून पेटीभर नाचू लागलं. मागच्या रांगेतली पोरं खिदळली.

"ओढ ना!" साहेब दातांतल्या दातांत म्हणाले. "देवू, ओढ!"

देवू टेबलाखालून बाहेर आला. माईककडे गेला नाही. भिंतीलगतच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. तुवालूत बिनभिंतीच्या मोठ्या छपराखाली गावाची बैठक भरते. तिथे ज्याला बोलायचा मान असतो तो असाच खांबाला टेकतो.

"मी राहिलोय तिथं," तो म्हणाला. "नऊ बेटं हायत. सगळी माणसं गोळा केली तरी तुमच्या बोईसरच्या एका कोपऱ्यात मावतील. नदी नाय, विहिरीचं पाणी खारं. पावसाचं टाकीत धरतात न् बादली मोजून वापरतात. मला परक्याला रोज एक बादली दिली त्यांनी. मेलेलं माणूस अंगणात पुरतात, म्हणून घर सोडून जायला जीव होत नाय. विमानाच्या धावपट्टीवर संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळतात. भोंगा वाजला की बाजूला होतात, विमान गेलं की परत सर्व्हिस. नाचतात, हो. आमीपण नाचतो. म्हणून काय आमी कामं करत नाय?"

"पण देश बुडतोय की नाही, ते सांगा!" एक चष्मेवाले गृहस्थ ओरडले. त्यांना आपली हळहळ फुकट गेल्याचं दुःख झालं होतं.

"समुद्र चढतोय, ते खोटं नाय. पण ती माणसं हसत बसली नायत. तळाची रेती उपसून नवीन जमीन घालतायत. तुमी त्यांच्यासाठी इथं पाणी ओतू नका. रडायची एवढीच हौस असेल तर इथून तासाभरावर माझी बहीण ऱ्हाते. उधाणाला तिच्या घरी या. पण चपला हातात घेऊन या."

हॉलमध्ये कुणी उठलं नाही. कारण अल्पोपाहार अजून व्हायचा होता.

"दगड विसर आता," साहेब त्याच्या कानाशी म्हणाले.

"विसरलो, साहेब." देवूने तंगूस तोडून पेटीतून बेट उचललं, काखेत मारलं आणि निघाला.

मंजुळा दारात बोंबील निवडत होती. "दगड?"

"नाय."

सगळं ऐकून ती भडकलीच. "शाना मोठा! पाच मिनिटं दोरी ओढून तुजा हात झडणार होता काय? भाषण ठोकलंस न् माजी भिंत घालवलीस?"

"ती बाई म्हणाली, काय न करता बुडतात."

मंजुळेचा हात थांबला. "आसं बोलली?"

"माईकवरून."

"कधी बोंबील साफ केलाय का तिने?" मंजुळेने एक बोंबील पाटीत आपटला आणि पुन्हा दगडाचं नाव काढलं नाही.

सोमवारी दुपारी साडेबाराला उधाण आलं. दोघांनी पेटारा, तांदळाचं पिंप, गॅसची टाकी आधीच माळ्यावर चढवली होती. तिसऱ्या लाटेने भिंत खालून कुरतडली, पाचव्या लाटेला ती आत वाकली आणि बसली. तिचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही. पाणी चुलीवरून घरात आलं. दारामागे टाकलेलं हिरवं बेट उठलं आणि पाट्याला वळसा घालून ऐटीत खाटेकडे निघालं.

खाटेवर देवूशेजारी पाय वर घेऊन बसलेल्या मंजुळेने बेटाकडे बोट दाखवलं.

"बग, तुजा देश. हा काय बुडत नाय."

"थर्माकोल हाय गो, बाय."

"म्हायत हाय मला काय हाय ते." तिने पायाने बेट दाराकडे ढकललं आणि पदर खोचला. "ती तुजी सेलिना, खड्डा खारा झाला तेव्हा बसली होती का रडत?"

"नाय. दुसरा खणला."

"मग बसलायस काय? शेजारच्यांना हाक मार न् खताच्या रिकाम्या गोणी आण. पाणी उतरलं की रेती भरायची. पुढचं उधाण पंधरा दिवसांवर हाय."

देवू खाटेवरून उतरला. पाणी त्याच्या पोटरीपर्यंत होतं.