कायाझच्या पिल्लांसाठी वाट

कुनसुलूचं म्हणणं असं, की मुक्या जावयापेक्षा गाढव परवडलं. ते लाथ मारायच्या आधी निदान कान तरी पाडतं.

येरसाईन सकाळीच बायकोला घेऊन आला होता. हिवाळ्यासाठी घोडं कापलं की लेकी-जावयांना जेवायला बोलवायचं, तसं बोलावणं होतंच. दारात सगळ्यांची खुशाली विचारली, गालिच्याच्या कडेला मांडी घातली आणि तिथंच बसला. जावयाच्या मानाचं छातीचं मटण खाल्लं, चहाच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. नोकरी पाहावी तर सिर-दर्या नदीच्या वरच्या बंधाऱ्यावर दरवाजे चढवायची-उतरवायची. एवढ्या गावांचं पाणी याच्या हातात, आणि सासूपुढे जीभ टाळूला चिकटलेली.

"झानील, तुझ्या नवऱ्याचा दात दुखतो का गं?"

"नाही, आपा," लेक आईला म्हणाली.

"मग माझं मटण बाधलं असेल."

झानीलनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं वाटीत पाहिलं.

कुनसुलू उठली, फरकोट चढवला आणि बोरूच्या पेंढ्या काखेत मारल्या. "बसा मुक्यानं. मी माझ्या लेकरांना वारा देऊन येते."

लेकरं म्हणजे कायाझ माशाची पिल्लं, बोटाएवढी, चार-चार मिशांची. घरामागं नदीचा एक जुना फाटा होता, बोरूनं भरलेला. यंदा शहरांना विजेसाठी वरच्या धरणानं भर थंडीत पाणी सोडलं, नदी बर्फाखाली फुगली, आणि मधल्या लोंढ्यात टिकेनात म्हणून पिल्लं या संथ पाण्यात शिरली. कायाझ नदीतून संपलीच म्हणत होते लोक. कित्येक वर्षांत कुनसुलूनं पिल्लू पाहिलं नव्हतं. कायाझ धरायला सरकारची बंदी, पण सरकार लांब होतं आणि कुनसुलू जवळ. सख्ख्या दिराचं जाळं तिनं फाट्यातून उपटून त्याच्याच दारात फेकलं होतं. रोज ती बर्फातली भोकं फोडी आणि त्यात बोरूच्या पेंढ्या उभ्या करी, म्हणजे भोकं गोठत नाहीत आणि पोकळ नळ्यांतून खाली हवा जाते.

ती उंबऱ्यापर्यंत गेली तेव्हा मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"आपा, आज बोरूनं भागायचं नाही."

"बोलला! झानील, बोलला गं तुझा!"

"वरच्या धरणाचं पाणी कमी केलंय. थंडी उतरली, वीज कमी लागते. संध्याकाळपर्यंत इथलं पाणी कमरेएवढं खाली जाईल."

कुनसुलूचं हसू ओठांवरच राहिलं. पाणी उतरलं की वरचा बर्फ खाली बसणार. फाट्याचं तोंड उथळ, तिथं तो आधी टेकणार आणि दार लावल्यासारखी वाट बंद होणार. आतलं पाणी आटत जाणार, पिल्लं आत गुदमरणार.

"तुझा दरवाजा उघडून ठेव की!"

"आलेलं पाणी सोडतो मी, आपा. न आलेलं कुठून सोडू?"

"कधी कळलं तुला हे?"

"काल."

"आणि आज मटण संपेपर्यंत थांबलास?"

येरसाईनचे कान लाल झाले. "लग्नाच्या वर्षी मी थोरांच्या आधी बोललो, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, जावयानं विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. तुम्ही मटण बाधलं का विचारलंत. पाण्याचं नाही विचारलंत."

झानील डोक्याच्या रुमालाआड हसली. कुनसुलूनं तिच्याकडे असं पाहिलं, की हसू जागच्या जागी विरलं.

मग ती दिराच्या दारात गेली. सासरच्या पुरुषाचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, म्हणून उभा जन्म ती त्याला लांबमिश्या म्हणत आली होती.

"लांबमिश्या, पहार घे!"

"वहिनी, माझं जाळं फेकलंस, आता माझी पहार गोड लागते?"

"पहार गोड, तू कडूच. चल!"

फाट्याच्या तोंडाशी चौघं भिडले. तिघांनी पहारींनी बर्फ फोडायचा, झानीलनं फावड्यानं तुकडे बाहेर ओढायचे, नदीच्या खोल धारेपर्यंत लांबच लांब चर काढायचा. पाणी उतरू लागलं होतं. चराच्या भिंतीवर ओली रेघ उघडी पडत होती. येरसाईन गुडघ्यापर्यंत भिजला, तरी थांबला नाही.

"हळू रे, पाय फोडशील!" लांबमिश्या ओरडला.

"फोडू दे," कुनसुलू म्हणाली. "पायानं कुठं बोलायचंय त्याला?"

दिवस कलला तसं फाट्यातलं पाणी चरातून नदीकडे ओढ घेऊ लागलं. आधी काडीकचरा आला. मग एक राखाडी शेपटी. मग दोन-चार, आणि मग झुंडच्या झुंड, बर्फाच्या चुऱ्यातून वळवळत खोल पाण्याकडे. लांबमिश्यानं टोपी काढली आणि परत घातली.

मागं फाट्यावर बर्फ कडाडला आणि बसला. चर मिटला. सगळी पिल्लं निघाली नव्हती. फाट्याच्या वरच्या टोकाला, डबक्यात काही राहिलीच. कुनसुलूनं तिथं भोकं पाडून उरलेल्या पेंढ्या उभ्या केल्या. ती परत आली तेव्हा जावई काठावर थरथरत उभा होता, बोलावं की नाही या विचारात. तिनं स्वतःचा फरकोट काढून त्याच्या अंगावर टाकला.

"चूक तुझीच आहे," ती म्हणाली. "गप्प बस म्हणाले होते, ते पाहुण्यांपुढे. नदीचं काही कळलं, तर दारातूनच बोंब मारायची, जोडे मागाहून काढायचे. मी चिडले तर चिडू दे. मला चिडायला कारण लागत नाही, हे तुला एव्हाना कळायला हवं होतं."